वेगाचा बंदोबस्त

निकोला टेस्ला आणि गॅलिलिओ फेरारिस यांनी 1880 नंतरच्या दशकात एकमेकांपासून स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या तत्त्वावर चालणारी इंडक्शन मोटर ही यंत्रसृष्टीतील अत्यंत भरवशाची चाकर होय. तिच्या पिंजरेवजा रोटरला ना ब्रश लागतात ना कॉम्युटेटर, त्यामुळे ठिणगी नाही आणि झीजही अल्प. परंतु तिचा वेग मालकाच्या मर्जीने ठरत नसे. तिच्यावर अंमल चाले तो पुरवठ्याच्या कंप्रतेचा. आणि ही कंप्रता आपल्याकडे सेकंदाला 50 आवर्तने अशी कायम असल्यामुळे, चार ध्रुवांच्या मोटरचे क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेणार व भाराखालचा रोटर 1440 च्या आसपास राहणार, हा जणू दस्तूरच होऊन बसला होता.

म्हणूनच 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे देशातील पहिली विजेची गाडी सुटली, तेव्हा तिच्या मोटरी 1500 व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावरच्या होत्या. एकदिश मोटर वेगाच्या बाबतीत मनधरणीला वश होते, पण त्याची किंमत मोठी: गाडी हलवताना प्रवाह प्रथम रोधांतून न्यायचा, वेग वाढेल तसतसे ते रोध क्रमाक्रमाने वगळायचे, आणि तोवर बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन जायची. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलच्या बाबतीत हा अपव्यय किती, याचा हिशेब वाचकाने मनाशी करून पाहावा.

यावरचा इलाज शक्तिवाहक ट्रान्झिस्टरने आणला, आणि त्यातही विशेषेकरून आयजीबीटी या प्रकाराने, ज्याच्या विकासात मद्रास येथे जन्मलेले बी. जयंत बालिगा हे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत अग्रभागी होते. तारेवरील विजेचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर करावयाचे, आणि मग सहा ट्रान्झिस्टरांच्या जुळणीने तीच वीज हव्या त्या कंप्रतेच्या त्रिकला प्रवाहात पुन्हा घडवावयाची, अशी ही तजवीज आहे. त्यातील मर्म असे की ट्रान्झिस्टर येथे अर्धवट उघडा कधीच ठेवीत नाहीत. तो पूर्ण बंद असता प्रवाह नाही, पूर्ण उघडा असता त्यावर दाब नाममात्र, म्हणजे दोन्ही स्थितींत नुकसानी थोडी. सेकंदाला शेकडो वा हजारो वेळा ही उघडझाप करून स्पंदांची रुंदी कमीजास्त केली, की मोटरच्या वेटोळ्यांतील प्रवाह आपोआप गुळगुळीत होऊन तरंगाचा आकार घेतो. कंप्रता उतरवताना दाबही त्याच प्रमाणात उतरवावा लागतो, नाहीतर लोखंडाचा गाभा चुंबकत्वाने संपृक्त होऊन प्रवाह भलताच वाढतो. आणि एकाच शाखेतील वरचा व खालचा ट्रान्झिस्टर एका क्षणी उघडे सापडले, तर थेट शॉर्ट सर्किट. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा उघडेपर्यंत काही मायक्रोसेकंदांचे अंतर सक्तीने राखतात. इतक्या सूक्ष्म अवधीवर हजारो प्रवाशांची गाडी विसंबून असते, ही गोष्ट मला आजही अत्यंत विस्मयकारक वाटते.

2007 पासून मुंबईत आलेल्या सीमेन्सच्या उपकरणांच्या गाड्या याच जातीच्या. सुटताना त्यांच्या तळातून जो चढता स्वर ऐकू येतो, तो या उघडझापीचाच. ब्रेक लावताना क्षेत्राचा वेग रोटरच्या वेगाहून कमी केला की मोटर जनित्र बनते, आणि पूर्वी ब्रेकच्या ठोकळ्यांत जळून जाणारी ऊर्जा तारेत परत जाऊन जवळच सुटणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येते.

कारखान्यांतील पंप व पंखे यांना तर हा बंदोबस्त अधिकच मानवतो, कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 80 टक्क्यांवर आणला तर शक्ती जवळजवळ निम्मी पुरते. तरीही जुन्या मोटरीला ट्रान्झिस्टरांची ही तजवीज, म्हणजेच ड्राइव्ह, जोडणाऱ्याने सावध असावे. तीव्र चढाच्या स्पंदांनी वेटोळ्यांचे विसंवाहक जर्जर होते, शाफ्टमधून बेअरिंगकडे झिरपणारा प्रवाह तिच्या पृष्ठावर चरे पाडतो, आणि मंद वेगात शाफ्टवरचाच पंखा मंदावल्याने मोटर तापते. अशा ठिकाणी स्वतंत्र पंख्याची तरतूद आरंभीच करून ठेवावी.