नाक गेलं, पण कट लागला

आजचा भाग मिसळीवर आहे. आता 'सगळ्यात भारी मिसळ कुठली' या भांडणात मी पडणार नाही. मी कोल्हापूरचा, त्यामुळं माझं उत्तर तुम्हाला माहीतच आहे. (हसतो)

दुसरी-तिसरीत असेन. रविवारी सकाळी पप्पा मला स्कूटरवर पुढं उभं करून मिसळ खायला न्यायचे. हॉटेल कसलं, चार-सहा बाकडी. ताटलीत मटकीची उसळ, थोडी बटाट्याची भाजी, त्यावर चिवडा, शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. सोबत ब्रेडच्या स्लाइस. पुण्या-मुंबईचे लोक या स्लाइसवरून आम्हाला हसतात, हसू देत. आणि मग कट यायचा, लालभडक, वर तेलाचा तवंग.

दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा! मी पाण्याकडं हात नेला की पप्पा ग्लास बाजूला सरकवायचे. "पाणी नको पिऊ, आणखी जळंल. ब्रेड खा."

तेव्हा वाटायचं, काय दुष्ट माणूस आहे! पण त्यांचं बरोबर होतं. मिरचीतलं झोंबणारं द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलात मात्र विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो, म्हणून तर तो तवंग लाल दिसतो. पाणी प्यायलं तर तिखट जात नाही, नुसतं तोंडभर फिरतं. ब्रेड ते तेल टिपून घेतो. दही त्याहून चांगलं, कारण दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन कॅप्सेसिनला धरून ठेवतं.

आता थेट 2021 वर येतो. दुसऱ्या लाटेत पप्पांना कोरोना झाला. बरे झाले, पण वास गेला तो गेलाच. चहा म्हणजे गरम पाणी, आईची आमटी म्हणजे मीठ. कारण जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, एवढंच. बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो, त्यातलं बरंचसं काम नाक करत असतं. खाण्यावर जीव असलेला माणूस पानात नुसती बोटं फिरवायचा. "पोट भरलं," म्हणून उठायचा. पँट ढगळ झाली. आम्ही घरात जेवणाचा विषय काढणंच बंद केलं.

एका रविवारी मी मिसळ पार्सल आणली. आई ओरडली, "आजारी माणसाला मिसळ?" पप्पांनी एक घास घेतला आणि थांबले. कपाळावर घाम आला. म्हणाले, "अरे, लागतंय की!"

हे कसं झालं? तर तिखट ही मुळात चव नाहीच, ती वेदना आहे. आपल्या तोंडात टीआरपीव्ही-1 नावाचे रिसेप्टर असतात. साधारण 43 अंशांच्या वर गेलं की ते मेंदूला कळवतात, भाजतंय. कॅप्सेसिन हेच बटण दाबतं, म्हणून गार झालेली मिसळसुद्धा जाळते. डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमनं 1997 मध्ये हे शोधलं आणि त्यांना 2021 मध्येच नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत. ही बातमी वासाच्या नसेतून जात नाही. ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच नसेतून जाते. पप्पांचा एक रस्ता बंद होता, हा चालू होता.

त्या दिवशी त्यांनी ताटली पुसून खाल्ली. आई आत निघून गेली, काही बोलली नाही.

अजून वास पूर्ण आलेला नाही. रविवारी आम्ही जातो, आता स्कूटर मी चालवतो. कांदा कळतो म्हणतात, लिंबू कळतं. कोथिंबिरीचा अजून पत्ता नाही. तरी दर वेळी जास्तीची मागून घेतात.