जुन्या ध्वनिमुद्रिकांचा शोध

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संगीताची गोडी आतां आपल्याहि घरांतील तरुण मंडळीस लागूं लागली आहे. आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो कीं, एकाच कृतीच्या इतक्या ध्वनिमुद्रिकांतून उत्तम कोणती समजावी? पोथ्या ताडून पाठ निश्चित करण्याचें काम ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हा प्रश्न नवा वाटणार नाहीं. सुवाच्य अक्षराची पोथी सर्वांत शुद्ध असतेच असें नाहीं. मुद्रिकांचेंहि तसेंच आहे.

प्रथम सालाकडे पाहावें. १९२५ च्या पूर्वीं या कामीं मायक्रोफोन नव्हता. वादक एका कर्ण्यापुढें दाटीनें बसत, आणि खर्जाचे स्वर नीट उमटत नसल्यामुळें डबल बासच्या जागीं पुष्कळदां ट्यूबा हें पितळी वाद्य वाजवीत. आर्थर निकिश यांनीं बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून १९१३ सालीं बेटोव्हेनची पांचवी सिंफनी मुद्रित करविली, ती याच पद्धतीनें. इतिहास म्हणून ती अवश्य ऐकावी. रसतृप्तीसाठीं मात्र पुढील काळाकडे वळावें.

त्या काळांतील एकच मुद्रिका निवडावयास कोणी सांगितलें, तर आम्ही ता. १६ जानेवारी १९३८ ची निवडूं. त्या दिवशीं व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहांत ब्रूनो वाल्टर यांनीं गुस्ताव्ह मालर यांची नववी सिंफनी सादर केली. मालर १९११ सालीं वारले. ही कृति त्यांस स्वतःस ऐकावयास मिळालीच नाहीं. तिचा पहिला प्रयोग १९१२ त त्यांचे शिष्यवत् सहकारी वाल्टर यांनींच याच वाद्यवृंदाकडून करविला होता. म्हणजे येथें गुरुमुखाची परंपरा अगदीं जवळची. मुद्रणावर देखरेख होती फ्रेड गैसबर्ग यांची. १९०२ सालीं कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें तबकडीवर घेणारे ते हेच गृहस्थ. तबकडीच्या एका बाजूस चार-साडेचार मिनिटेंच मावत. तेव्हां हा सबंध प्रयोग वीस बाजूंवर उतरला. श्रोत्यांचें खोकणेंहि त्यांत स्पष्ट ऐकूं येतें.

आणि दोनच महिन्यांनीं, मार्चांत, हिटलरचें सैन्य ऑस्ट्रियांत शिरलें. वाल्टर ज्यू; त्यांस तो देश बंद झाला. १८८१ पासून त्या वाद्यवृंदाचे अग्रणी व्हायोलिनवादक असलेले आर्नोल्ड रोझे हे मालर यांच्या भगिनीचे पति. त्यांस पंचाहत्तरीच्या घरांत लंडन गांठावें लागलें, आणि १९४६ त तेथेंच ते निवर्तले. त्यांची कन्या आल्मा १९४४ त आउश्वित्सच्या छळछावणींत मरण पावली. इतरहि कांहीं ज्यू वादकांस छावण्यांत मृत्यु आला. हें ठाऊक असल्यावर शेवटच्या संथ भागांतील व्हायोलिनांचा मेळ निर्विकारपणें ऐकणें आम्हांस तरी जमत नाहीं.

याच वाल्टर यांनीं १९६१ त, वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं, कॅलिफोर्नियांत हीच सिंफनी पुन्हां मुद्रित केली. ध्वनि निर्मळ, प्रत्येक वाद्य वेगळें ओळखूं यावें असा. पण तिला ऐंशी मिनिटें लागतात, तर १९३८ ची सत्तरांत आटोपते. तबकड्यांच्या मर्यादेमुळें जुने लोक घाई करीत, असें पुष्कळ जण म्हणतात. येथें तें लागू पडत नाहीं; कारण हा श्रोत्यांसमोरचा अखंड प्रयोग, त्यास तबकडी पालटण्यासाठीं थांबावयाचें नव्हतें. ती गति वाल्टर यांचीच. नव्या मुद्रिकेंत समजूत आहे, जुनींत तळमळ आहे. आम्ही जुनीकडे झुकतों. ज्यास ही कृति सर्वस्वी अपरिचित असेल त्यानें मात्र १९६१ ची आधीं ऐकून घ्यावी, म्हणजे जुनींतील खरखर मध्यें येणार नाहीं.

त्या खरखरीविषयींच एक सूचना. कित्येक प्रकाशक ती समूळ घालवितात, आणि तिच्याबरोबर तंतुवाद्यांची झळाळीहि घालवून बसतात. थोडी खरखर राहूं दिलेली आवृत्ति बहुधा अधिक प्रामाणिक असते. वेष्टनावरील नांवावरहि भिस्त ठेवूं नये. द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीची एक मुद्रिका फुर्टव्हेंग्लर यांच्या नांवावर वर्षानुवर्षें विकली गेली, आणि ती ओस्वाल्ड काबास्टा यांची निघाली. स्थळ, दिवस आणि वाद्यवृंद हीं तीन जेथें छापलेलीं नसतील, ती आवृत्ति घेऊं नये.