सेरेस : आधी ग्रह, मग लघुग्रह, आता बटुग्रह

१ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मो वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी हे धर्मगुरू ताऱ्यांच्या जागा टिपत होते. वृषभ राशीतला एक अंधुक ठिपका दुसऱ्या रात्री किंचित सरकलेला दिसला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एखादा ग्रह असावा, अशी अटकळ युरोपात होतीच. थोड्याच आठवड्यांत ठिपका सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला. चोवीस वर्षांच्या गणितज्ञ गाउसने हाताशी असलेल्या मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा काढली आणि वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. सेरेस ग्रहांच्या यादीत जाऊन बसला.

त्याला तिथून उठवले ते शेजाऱ्यांनी. १८०२ मध्ये पालास, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये वेस्टा सापडले, तेही साधारण त्याच पट्ट्यात. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलने या ठिपक्यांसाठी १८०२ मध्येच वेगळा वर्ग सुचवला होता, पण पुस्तके त्यांना ग्रहच म्हणत राहिली. १८५१ अखेर ही मंडळी पंधरा झाली आणि यादी आवरेना. मग कसलेही मतदान न होता सेरेसची रवानगी लघुग्रहांत झाली.

प्लूटोच्या बाबतीत हाच प्रकार घडला, गाजावाजा तेवढा जास्त झाला. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोच्या परिसरात १९९२ पासून बर्फाळ पिंडांची रांगच लागली. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस तर प्लूटोपेक्षा सुमारे पाव पटीने जड निघाला. त्याला आत घ्यायचे की प्लूटोला बाहेर काढायचे? ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या अधिवेशनात पहिला मसुदा बारा ग्रहांचा होता. त्यात सेरेसही होता. २४ तारखेला मंजूर झाले ते वेगळेच. ग्रह सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या गुरुत्वाने जवळपास गोल झालेला असावा आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने साफ केलेला असावा. तिसऱ्या अटीत न बसणारे गोल पिंड बटुग्रह.

खरा निवाडा करते ती तिसरी अट. तिची शब्दरचना ढिली आहे हा आक्षेप मलाही पटतो, कारण गुरूच्या कक्षेतही हजारो लघुग्रह आहेत. आकडे मात्र बोलके आहेत. पृथ्वीचे वस्तुमान तिच्या कक्षेतल्या इतर साऱ्या पिंडांच्या एकत्रित वस्तुमानाच्या सुमारे १७ लाख पट आहे. सेरेसचे, त्याच हिशेबाने, जेमतेम एक तृतीयांश. प्लूटोचे त्याहूनही कमी. या दोन गटांच्या मध्ये कोणीच नाही, त्यामुळे रेघ कुठेही ओढली तरी निकाल तोच. आकाराला इथे किंमत नाही : गुरूचा चंद्र गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे, पण तो गुरूभोवती फिरतो.

जेमतेम ९४० किलोमीटर व्यासाचा सेरेस गोल असल्याने त्याच ठरावाने बटुग्रह झाला. इतर ताऱ्यांभोवती सापडलेल्या हजारो ग्रहांना मात्र हा ठराव लागूच होत नाही. त्यात फक्त सूर्याचा उल्लेख आहे. त्यांच्यासाठी वेगळी कामचलाऊ व्याख्या वापरतात, आणि तिथे वरची मर्यादा गुरूच्या सुमारे १३ पट वस्तुमानाची आहे. त्यापुढे पिंडाच्या पोटात ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, ज्वलन सुरू होऊ शकते.