डोक्यावरचे पट्टे

मुंबईच्या खेतवाडीत मामूंच्या घरी वाढलेल्या एका लहान मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, सालन सांडल्यासारखा. असा पक्षी आपल्याला खायला चालेल का, या विचाराने तो ती घेऊन मामू अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामू स्वतः शिकारी, पण त्यांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवले. तो मुलगा म्हणजे सालीम अली.

ही गोष्ट आपल्या घरांत अनेकांना माहीत आहे. पण मामूंनी ‘चिमणीच आहे, दे टाकून’ असे म्हटले असते तर? शिकाऱ्यांच्या झोळीत असे किती तरी पक्षी चुकीच्या नावाने गेले आहेत. त्यातला एक निलगिरीचा.

हिमालयात वाढणारा वुडकॉक थंडीत निलगिरीच्या शोला जंगलांत उतरतो. आकार साधारण कबुतराएवढा, चोच लांब आणि सरळ, रंग वाळलेल्या पानांचा. डोळे इतके मागे आणि वर की बसल्या जागी त्याला मागचेही दिसते. दिवसभर तो पाचोळ्यात दडून राहतो. माणसाचा पाय अगदी जवळ पडला की फडफडत उठतो आणि झाडांमधून वाकडातिकडा निघून जातो. इंग्रजी अमलात उटीकडच्या साहेबांना त्याच्या शिकारीचे मोठे वेड होते.

त्याच डोंगरांत, त्याच दिवसांत आणखी एक पाहुणा येतो : वुड स्नाइप, म्हणजे रानातला पाणलावा. इतर पाणलाव्यांपेक्षा हा अंगाने जाड, रंगाने गडद. पंख रुंद आणि गोलसर, उडणे जड. पोटावर वुडकॉकसारख्याच आडव्या रेषा. झाडीतून क्षणभर दिसला तर शिकारी सहज म्हणेल, ‘आजचा वुडकॉक जरा लहान आणि काळपट होता.’ नेपाळमध्ये राहणाऱ्या ब्रायन हॉजसन यांनी १८३६ मध्ये हा वेगळा पक्षी असल्याची नोंद केली होती. आज तो जगातल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. नेहमीचा पक्षी समजून दुर्मीळ पक्षी मारला गेला, तर गेलेला कोण होता हेही कुणाला कळत नाही.

ओळख मात्र सोपी आहे, पाहिले तर. वुडकॉकच्या डोक्यावरचे काळे पट्टे आडवे असतात, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे. पाणलाव्याचे पट्टे उभे, चोचीकडून मानेकडे. बस, एवढेच.

अशी चूक फक्त शिकाऱ्यांचीच होते असेही नाही. फिलिपिन्सच्या डोंगरांतले काही वुडकॉक १९६०च्या दशकातच संग्रहालयात पोहोचले होते. नेहमीचा वुडकॉक समजून त्यांवर तशीच चिठ्ठी लागली. १९९३ मध्ये मिंडानाओ बेटावरच्या किटांगलाड डोंगरावर एक अनोळखी आवाज ऐकू आला, तेव्हा शोध सुरू झाला. २००१ मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळाले : बुकिड्नॉन वुडकॉक. तोवर तो कपाटात दुसऱ्याच्या नावाने पडून होता.

आपल्याकडे आता बंदुकीचा प्रश्न नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण पाहण्याची जी सवय चांगल्या शिकाऱ्याला होती, ती का सोडावी?

गेल्या हिवाळ्यात मी सातवीच्या वर्गात या दोन पक्ष्यांची चित्रे फळ्यावर लावली. सगळे म्हणाले, ‘सर, एकच आहे, एक जरा लहान आहे.’ मागच्या बाकावरची एक मुलगी गप्प होती. ती पुढे आली, दोन्ही डोक्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, ‘याची वेणी आडवी घातली आहे, त्याची उभी.’

वर्ग हसला. मी तिच्या हातात खडू दिला आणि दोन्ही नावे तिलाच लिहायला सांगितली.

घरात मूल एखादे पीस, मेलेला पक्षी किंवा नुसते वर्णन घेऊन आले, तर ‘चिमणीच असेल’ म्हणून त्याला वाटेला लावू नका. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे पाठवा. अमीरुद्दीन मामूंनी तेवढेच केले होते.