प्रा. शोमा सेन आणि आमचे मौन

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या मिरजगावातून भीमा-कोरेगावला जीपा निघतात. १ जानेवारी २०१८ ला तिथे आमच्या माणसांवर दगड पडले, गाड्या जळाल्या. पुढे ६ जूनला त्याच प्रकरणाच्या नावाखाली नागपूरच्या एका प्राध्यापिकेला अटक झाली. विहारात बातमी वाचून दाखवली तेव्हा एका आजींनी विचारले, "वकीलसायेब, त्या मास्तरीण बाईनं दगुड मारला व्हता का?"

दगड मारल्याचा आरोप प्रा. शोमा सेन यांच्यावर कोणीच केला नव्हता. आरोप होता तो माओवाद्यांशी संबंधांचा, आणि तो बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीएखाली.

शोमाताई मूळच्या मुंबईच्या, पण त्यांचे आयुष्य नागपुरात गेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात त्या इंग्रजी विभागप्रमुख होत्या. शिकवणे हा त्यांचा पेशा, तर दलित-आदिवासी स्त्रियांवरील अत्याचार, पोलिसी दडपशाही आणि राजकीय कैद्यांचे हक्क हे त्यांचे काम. विद्यापीठातला मोठा पगार घेऊन गप्प बसणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत (त्यात आमचेही आहेत!). ही बाई गप्प बसली नाही. निवृत्तीला जेमतेम दोन महिने उरले असताना अटक झाली आणि विद्यापीठाने त्यांना तातडीने निलंबित केले.

पहिल्यांदा येरवडा, मग भायखळा. वयाची साठी, संधिवात, रक्तदाब. एवढ्या वर्षांत खटला किती पुढे सरकला? २०२४ मध्ये त्या बाहेर आल्या तोपर्यंत आरोपनिश्चितीसुद्धा झाली नव्हती! कर्जतच्या कोर्टात मारामारीच्या आरोपीला आम्ही आठवड्यात जामीन मिळवून देतो. यूएपीएच्या कलम ४३-ड (५) मध्ये मात्र पोलिसांची कागदपत्रे वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, तर न्यायालयाला जामीनच देता येत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी नाही, पुरावा तपासणे नाही. आरोपी आत आणि तारखेवर तारीख. शिक्षा सुनावण्यापूर्वीच ती भोगून घेण्याची ही सोय नव्हे काय?

५ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांनी जामीन दिला. या कलमाची बंदी लागू व्हावी असा प्रथमदर्शनी आधारच त्यांना दिसला नाही. त्याआधी त्यांच्या कोठडीची आता गरज नसल्याचे राष्ट्रीय तपास यंत्रणेनेही न्यायालयात सांगितले होते. ही गरज संपायला पाच वर्षे दहा महिने लागले. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे वकील म्हणून आम्ही जाणतो. पण आयुष्यातली ही वर्षे परत कोण देणार, हा प्रश्न निकालपत्रात मावत नाही.

आता आमच्याविषयी. या काळात आम्ही त्यांच्यासाठी काय केले? "नक्षलवादी" हा शब्द ऐकला की आपल्यातले भलेभले लांब सरकतात, तसे आम्हीही सरकलो. विजयस्तंभाला गेलो, भाषणे केली, पण व्यासपीठावरून हे नाव घेतले नाही. उद्या आपल्यालाही नोटीस येईल, ही भीती होती. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपद सोडले, हे दर १४ एप्रिलला सांगणारे आम्ही!

सुटका झाली तीही अटींसह. परवानगीशिवाय महाराष्ट्र सोडायचा नाही, आणि मोबाईलचे ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसत राहिले पाहिजे.

येत्या पौर्णिमेला मिरजगावच्या विहारात आम्ही तो निकाल मराठीतून समजावून सांगणार आहोत. आजींना पुढच्या रांगेत बसवू. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे.