मोटार चालवावयास शिकतांना

मोटार चालवावयास शिकण्यासाठीं एकंदर किती पैसे लागतात, असें आमच्या गिरगांवांतील वाडीच्या शेजारणी मला वरचेवर विचारतात. प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र एका आकड्यांत देतां येत नाहीं. सरकारांत जें भरावें लागतें तें थोडें. शाळेला जें द्यावें लागतें तें त्याहून पुष्कळ अधिक. आणि तिसरा एक खर्च असा आहे कीं, त्याचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं. तो सरावाचा. आज तिन्हींविषयीं बोलेन. पण माझें मन तिसऱ्यावर अधिक आहे, हें आधींच सांगून ठेवतें.

मी स्वतः शिकलें तें त्रेचाळिसाव्या वर्षीं. सासूबाईंना आठवड्यांतून दोनदां परळला इस्पितळांत न्यावें लागे. यजमान फिरतीवर, गाडी वाडीबाहेर कापड पांघरून उभी, आणि ठाकुरद्वाराहून परळ म्हटलें कीं टॅक्सीवाले मान हलवीत. तेव्हां एके दिवशीं ठरविलें कीं, आतां आपणच शिकावयाचें.

पहिली पायरी शिकाऊ परवान्याची. मोटारीसाठीं वयाचीं 18 वर्षें पुरीं झालेलीं असावीं लागतात. अर्ज करावयाचा तो केंद्र सरकारच्या ‘सारथी’ नांवाच्या संकेतस्थळावर. (नांव सुचविणाऱ्याला महाभारत ठाऊक असावें, अर्जुनाला सारथी आयता मिळाला होता, येथें मात्र तो आपणच व्हावयाचा असतो.) आमच्या भागाचें कार्यालय ताडदेवला, गाडीच्या नंबरावरील एम्. एच्. 01 हीं अक्षरें त्याचींच. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. त्याहून लहानांना आपल्या प्रकृतीविषयीं स्वतःचें निवेदन पुरतें. मग संगणकावर प्रश्नांची परीक्षा. रस्त्यावरील चिन्हें, वाहतुकीचे नियम, अपघात झाल्यास चालकाचें कर्तव्य, असे तिचे विषय. शंभरांत साठ मिळाले कीं उत्तीर्ण. जून 2021 पासून महाराष्ट्रांत ही परीक्षा घरीं बसूनहि देतां येऊं लागली. सोय मोठी झाली खरी. पण उत्तरें सांगणारा भाचाहि घरींच असतो, आणि भाच्यानें ओळखलेलीं चिन्हें पुढें रस्त्यावर मावशीला ओळखूं येत नाहींत.

आतां सरकारी दर. केंद्र सरकारनें 2016 च्या डिसेंबरांत जे ठरविले त्यांप्रमाणें शिकाऊ परवान्याला 150 रुपये, त्याच्या परीक्षेला 50, पुढें गाडी चालविण्याच्या परीक्षेला 300 आणि पक्क्या परवान्याला 200. हे झाले सातशें. कार्ड, टपाल व किरकोळ आकार धरून हजाराच्या आसपास भागतें. त्याच अर्जांत स्कूटरहि हवी असेल तर शिकाऊ परवान्याचे 150 आणि परीक्षेचे 300 त्या वर्गासाठीं पुन्हां भरावे लागतात. एवढ्यासाठीं मध्यस्थाला दुप्पट-तिप्पट पैसे देणारीं सुशिक्षित माणसें पाहिलीं म्हणजे मला नवल वाटतें.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस लोटल्यावांचून पक्क्या परवान्याच्या परीक्षेला बसतां येत नाहीं. ह्या काळांत गाडी चालवावयाची तर शेजारीं पक्का परवाना असलेला मनुष्य पाहिजे, आणि तोहि असा बसलेला कीं, वेळ पडल्यास त्याला गाडी थांबवितां यावी. गाडीला पुढें आणि मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल्’ अक्षर लावावें लागतें. पाटी 18 सेंटिमीटर चौरस आणि अक्षर 10 सेंटिमीटर उंच, ह्याहून लहान चालत नाहीं. पुष्कळांना ही पाटी लावण्याची लाज वाटते; मला मात्र तिचा आधार वाटे. मागचा बसवाला ती पाहून भोंगा एकदां कमी वाजवितो.

दुसरा खर्च शाळेचा. तिची फी सरकार ठरवीत नाहीं. ती शाळेगणिक निराळी असते आणि आज हजारांतच मोजावी लागते. नियम मात्र सरकारचे आहेत, आणि फी देण्यापूर्वीं ते आपणांस ठाऊक असावेत. खाजगी मोटारीसाठीं शिक्षण निदान 21 दिवसांचें आणि प्रत्यक्ष गाडी चालविणें निदान 10 तासांचें असावें, असें 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. गाडीला शिक्षकाच्या पायांशींहि ब्रेक व क्लच असावा लागतो. आतां हिशेब करा. रोज अर्धा तास धरला तर 21 दिवसांचे साडेदहा तास होतात; म्हणजे नियम जेमतेम पाळला जातो. पण त्याच अर्ध्या तासांत दुसऱ्या शिष्याला दादरहून उचलावयाचें असेल आणि संध्याकाळच्या वेळीं हिंदमातेपाशीं दहा मिनिटें उभें राहावयाचें असेल, तर चाक आपल्या हातीं कितीसा वेळ राहिलें? म्हणून शाळेंत गेल्यावर फी किती हें विचारण्याआधीं एका वेळीं गाडींत किती शिष्य असतात तें विचारावें.

शिक्षणाचा गाभा म्हणाल तर तो क्लच. पायाशीं तीन पट्ट्या असतात. उजवीकडून डावीकडे अॅक्सिलरेटर, ब्रेक, क्लच. शिकविणारे त्यांना ‘ए, बी, सी’ म्हणतात. इंजिन फिरत असतें आणि चाकें उभीं असतात. ह्या दोहोंची गांठ एकदम घातली तर गाडी आचका देऊन बंद पडते. क्लच दाबला कीं गांठ सुटते, आणि हळूहळू सोडला कीं ती बेतानें पडते. मधल्या ज्या जागीं गाडी किंचित् थरथरूं लागते तिला सारे ‘हाफ क्लच’ म्हणतात. ही जागा डोळ्यांना दिसत नाहीं, ती तळपायाला कळावी लागते. स्वयंपाकांत पाकाची तार जशी बोटांना कळते तसेंच हें. आमच्या वडिलांच्या काळच्या फियाटींत गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला असे. त्या घराण्यांतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून 2023 च्या ऑक्टोबरांत निघाली. हल्लीं क्लचावांचून चालणाऱ्या गाड्याहि मिळतात, आणि परवाना दोहोंना एकच असतो. तेव्हां जो केवळ तसल्याच गाडीवर शिकला त्याला कायद्यानें दुसरी चालवितां येते, पायानें मात्र येत नाहीं.

मी एकवीस दिवस शिकलें, आणि मला वाटलें कीं मला येतें. परीक्षाहि पार पडली. त्यानंतर चौथ्या दिवशीं औषधें आणावयास मी प्रथमच एकटी परळला निघालें. सातरस्त्यावरून आर्थर रोडनें चिंचपोकळीच्या पुलाशीं आलें, आणि चढावर पुढची बस थांबली. मीहि थांबलें. बस सुटल्यावर मीं क्लच सोडला तों गाडी बंद. पुन्हां सुरू केली तों ती मागें घसरूं लागली. मागें एक हातगाडीवाला होता, गाडीवर लोखंडी पत्रे आणि चढावर अंगाचें धनुष्य झालेलें. त्याला मागें सरकतां येणें शक्य नव्हतें. तो ओरडला. मीं दोन्ही पाय मिळेल त्या पट्टीवर रोवले. आमच्यामध्यें हातभर अंतर राहिलें असेल.

त्या रात्रीं विचार करतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, ह्याच पुलावरून शाळेच्या गाडींतून मी निदान सहा वेळां सुखरूप चढलें होतें. चढलें होतें, कारण डाव्या बाजूला गुरुजींचा पाय होता. ते मला रागें भरत नसत, आणि गाडी बंद पडूं देत नसत. दयाळूपणाच म्हणावयाचा, पण गाडी त्यांनीं चालविली आणि परवाना मला मिळाला.

म्हणून तिसरा खर्च. परवान्यानंतर मीं दोन महिने दर रविवारीं पहाटे दीड तास काढला. शेजारीं धाकटे दीर. सुरुवात बॅलार्ड इस्टेटींत केली, कारण रविवारीं त्या बाजूचे रुंद रस्ते मोकळे असतात. तेथें मागें जाणें, वळण घेणें, दोन गाड्यांच्या मधल्या जागेंत आपली बसविणें, हें सारें कोणाच्या शिव्या न खातां करतां येतें. मग चढ. हँडब्रेक ओढून ठेवावयाचा, क्लच थरथरीपर्यंत सोडावयाचा, गाडीचें नाक किंचित् उचललें कीं हँडब्रेक सोडावयाचा. हें मीं चाळीस वेळां तरी केलें असेल. मग गिरगांवच्या अरुंद गल्ल्या, आणि सर्वांत शेवटीं गर्दीच्या वेळचें लालबाग. गणपतीच्या दिवसांत मात्र त्या वाटेला नवशिक्यानें जाऊंच नये. शाळेचे दहा आणि हे बारा-तेरा, असे बावीस-तेवीस तास झाल्यावर माझ्या पायाला अक्कल आली. पेट्रोल लागलें, क्लचहि झिजला. पण हा पैसा मला कधीं जड वाटला नाहीं.

परळचा रस्ता तर निराळाच शिकवितो. केईएम् 1926 मध्यें आणि टाटा रुग्णालय 1941 मध्यें उघडलें. तेव्हांपासून गांवोगांवचे रुग्ण व त्यांचे आप्त तेथें येत आहेत. हातांत कागदांची पिशवी, रात्रभर झोंप नाहीं, लक्ष वरच्या मजल्यावरील खाटेकडे. हीं माणसें रस्ता ओलांडतांना उजवीकडे पाहत नाहींत, आणि पाहावें अशी अपेक्षाहि आपण करूं नये. तेथें भोंगा वाजवावयाची मनाई आहे, म्हणजे उरतो तो फक्त आपला ब्रेक. कायदा म्हणतो कीं, अपघात झाला तर चालकानें जखमीस इस्पितळांत पोंचवावें आणि 24 तासांच्या आंत पोलिसांना कळवावें. परीक्षेसाठीं हें पाठ केलें होतें तेव्हां तें एक कलम होतें.

परीक्षेंत नापास झालेल्यांनीं खचूं नये. सात दिवसांनीं पुन्हां बसतां येतें. तीनदां नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावें लागतें. आणि परवान्यावांचून गाडी बाहेर काढण्याचा मोह कोणास होत असेल तर त्यास पांच हजार रुपये दंड आहे.

नोव्हेंबरांत मीं सासूबाईंना प्रथम परळला नेलें. पुलावर बस थांबली, मी थांबलें, बस सुटली, मी सुटलें. मागच्या आसनावर त्या जपमाळ ओढीत होत्या. इस्पितळाच्या दारांत उतरतांना त्यांनीं एवढेंच विचारलें, “परत जातांना दुसरी कांहीं वाट आहे का ग, कीं तोच पूल?”