ज्युली इंकस्टर : व्यावसायिक गोल्फ, मातृत्व आणि संस्थात्मक पाठबळ

प्रस्तावना

यशस्वी स्त्री-खेळाडूविषयी बोलताना ‘तिने घर आणि खेळ दोन्ही कसे सांभाळले?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. पुरुष खेळाडूच्या वाट्याला तो क्वचितच येतो. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : जिद्द, त्याग आणि तारेवरची कसरत. या उत्तरात व्यक्तीच्या गुणांचा गौरव होतो. परंतु ज्या व्यवस्थेमुळे ते सांभाळणे शक्य झाले, अथवा जिच्या अभावी ते अवघड झाले, त्या व्यवस्थेचा विचार मागे पडतो. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटू ज्युली इंकस्टर यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यांनी मिळवलेल्या ७ प्रमुख विजेतेपदांपैकी ३ मातृत्वापूर्वीची आहेत, तर ४ दोन मुलींच्या जन्मानंतरची. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा व कौटुंबिक जीवनाचा आढावा घेऊन त्यामागील आधारव्यवस्थेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

व्यावसायिक महिला गोल्फचे स्वरूप

अमेरिकेतील महिला गोल्फचे नियमन करणारी ‘लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन’ (एलपीजीए) ही संघटना १९५० साली १३ महिला खेळाडूंनी स्थापन केली. तिच्या वतीने वर्षभर वेगवेगळ्या शहरांत स्पर्धा भरतात. स्पर्धा साधारणपणे तीन किंवा चार दिवस चालते, दररोज १८ होलचा एक फेरा खेळला जातो आणि सर्वांत कमी फटक्यांत खेळ पूर्ण करणारी खेळाडू विजयी ठरते. सरावाचे दिवस धरले तर एका स्पर्धेसाठी जवळजवळ पूर्ण आठवडा घराबाहेर जातो. पुढच्या आठवड्यात गाव बदलते. हंगामातील बहुतेक महिने हेच चक्र सुरू असते.

या व्यवसायाचे आर्थिक स्वरूपही लक्षात घेण्यासारखे आहे. गोल्फपटू कोणाची पगारी नोकर नसते. ती स्वतंत्र व्यावसायिक असते. प्रवास, निवास आणि खेळाचे साहित्य वाहून नेणाऱ्या कॅडीचे मानधन हे सारे तिला स्वतःच्या खिशातून द्यावे लागते. नेहमीच्या स्पर्धेत पहिल्या फेऱ्यांनंतर जी खेळाडू गळते, तिला त्या आठवड्यात सामान्यतः बक्षिसाची काहीच रक्कम मिळत नाही. शिवाय पुढील वर्षी खेळण्याचा हक्क बऱ्याच अंशी चालू वर्षीच्या कामगिरीवर ठरतो. भारतात मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पात्र नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा दिली. गोल्फपटूच्या बाबतीत मात्र ‘रजा कोणाकडे मागायची?’ हाच मूलभूत प्रश्न उभा राहतो. बाळंतपणाच्या काळात तिचे उत्पन्न थांबते आणि क्रमवारीतील स्थानही घसरण्याचा धोका असतो.

जडणघडण आणि पहिला कालखंड

ज्युली सिम्पसन यांचा जन्म २४ जून १९६० रोजी कॅलिफोर्निया राज्यातील सांताक्रूझ येथे झाला. त्यांचे घर पासातिएम्पो या प्रसिद्ध गोल्फ मैदानाला लागूनच होते. किशोरवयात त्या तेथे काम करू लागल्या आणि तेथेच खेळाची गोडी लागली. याच मैदानावर गोल्फ-प्रशिक्षक ब्रायन इंकस्टर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १९८० साली दोघे विवाहबद्ध झाले. त्याच वर्षी कॅन्सस राज्यातील प्रेअरी ड्यून्स मैदानावर ज्युली यांनी अमेरिकेची राष्ट्रीय हौशी महिला स्पर्धा जिंकली. १९८१ आणि १९८२ मध्येही हे विजेतेपद त्यांनी राखले. सलग तीन वर्षे ही स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम त्यापूर्वी १९३२ ते १९३४ या काळात व्हर्जिनिया व्हॅन वाय यांनी केला होता.

१९८३ मध्ये त्या व्यावसायिक झाल्या. १९८४ साली त्यांनी नाबिस्को डायना शोर आणि दु मॉरिए क्लासिक या दोन प्रमुख स्पर्धा जिंकल्या. पदार्पणाच्या हंगामात दोन प्रमुख विजेतेपदे मिळवणाऱ्या त्या पहिल्याच खेळाडू होत. १९८९ मध्ये डायना शोर स्पर्धा त्यांनी पुन्हा जिंकली. १९८९ अखेर एलपीजीएची १३ विजेतेपदे त्यांच्या नावावर जमा झाली होती. त्या वेळी त्यांचे वय २९ वर्षे होते.

मातृत्व आणि विजेतेपदाविना गेलेली वर्षे

१९९० मध्ये त्यांना पहिली मुलगी झाली, तर १९९४ मध्ये दुसरी. १९९१ व १९९२ या वर्षांत त्यांनी प्रत्येकी एक स्पर्धा जिंकली. १९९२ ची अमेरिकन ओपन स्पर्धा मात्र हातातोंडाशी आलेला घास निसटावा तशी गेली. ओकमाँट येथील या स्पर्धेत शेवटचे दोन होल शिल्लक असताना इंकस्टर दोन फटक्यांनी आघाडीवर होत्या. परंतु पॅटी शीहान यांनी शेवटच्या दोन्ही होलवर निर्धारित संख्येपेक्षा एकेक फटका कमी घेऊन बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत ७२ विरुद्ध ७४ असा विजय मिळवला. त्याच वर्षी डायना शोर स्पर्धेतही इंकस्टर यांना निर्णायक फेरीत पराभव पत्करावा लागला.

त्यानंतर १९९३ ते १९९६ या सलग चार हंगामांत त्यांना एकही विजेतेपद मिळाले नाही. या अपयशाचे खापर केवळ मातृत्वावर फोडणे योग्य होणार नाही. तथापि गोल्फ हा सातत्यपूर्ण सरावाचा खेळ आहे, ही बाबही दृष्टिआड करता येत नाही. चेंडूवरील फटक्याची लय तासन्‌तासांच्या सरावातून टिकते, आणि लहान मुलांच्या आईला नेमक्या याच तासांची चणचण भासते. गरोदरपणात व प्रसूतीनंतर शरीराचा तोल बदलतो. फटक्यातील कंबरेचा व पोटाच्या स्नायूंचा वापर लक्षात घेता त्या बदलाशी पुन्हा जुळवून घेण्यास काळ लागतो. पुरुष गोल्फपटूला अपत्य झाल्यावर त्याच्या कारकिर्दीत असा शारीरिक खंड पडत नाही. या चार वर्षांच्या आकड्यांवरून इंकस्टर यांची कारकीर्द संपली असा निष्कर्ष कोणी काढला असता, तर तो त्या वेळी अवाजवी वाटला नसता.

आधारव्यवस्थेचे तीन घटक

त्यांच्या पुनरागमनाचा विचार करताना तीन घटक विशेषत्वाने समोर येतात.

पहिला घटक कुटुंबाचा. ब्रायन इंकस्टर हे स्वतः गोल्फ-प्रशिक्षक असून लॉस आल्टोस येथील क्लबचे ते दीर्घकाळ मुख्य प्रशिक्षक होते. त्यामुळे घराला पत्नीच्या बक्षिसांखेरीज स्थिर उत्पन्नाचा आधार होता; खेळाची तांत्रिक जाण घरातच होती आणि पत्नी वारंवार परगावी असण्याचा अर्थ समजणारा जोडीदारही होता. पतीने पत्नीच्या व्यवसायाला ‘परवानगी’ देणे आणि तो व्यवसाय दोघांच्या संसाराचा भाग मानणे यांत मूलतः फरक आहे.

दुसरा घटक संस्थात्मक आहे. १९९३ मध्ये एलपीजीएने स्मकर्स या जॅम-उत्पादक कंपनीच्या आर्थिक साहाय्याने फिरते पाळणाघर सुरू केले. प्रामुख्याने अमेरिकेतील स्पर्धांच्या ठिकाणी हे केंद्र खेळाडूंबरोबर गावोगाव जाई. गाव बदलले तरी मुलांना ओळखीचे संगोपक, ओळखीची खेळणी आणि ओळखीचे सवंगडी मिळत. खेळाडूंकडून त्यासाठी शुल्क घेतले जात नसे. मैदानावर चार-पाच तास खेळणाऱ्या आईला मूल जवळच व सुरक्षित आहे ही खात्री मिळणे, हा या योजनेचा खरा लाभ होय. इंकस्टर यांची थोरली मुलगी या सोयीपूर्वी जन्मली, तर धाकटी ती सुरू झाल्यावर. पाळणाघरामुळेच त्यांना पुढील यश लाभले असे विधान करता येणार नाही. परंतु आईने मूल आणि स्पर्धा यांपैकी एकाचीच निवड करावी ही सक्ती या सोयीमुळे काही प्रमाणात सैल झाली, एवढे निश्चित म्हणता येते.

तिसरा घटक खेळाच्या स्वरूपातच आहे. जिम्नॅस्टिक्स किंवा टेनिसच्या तुलनेत गोल्फमध्ये वयाची मर्यादा बरीच लांब असते. येथे अनुभव, संयम आणि मैदानाचा अंदाज यांना ताकदीइतकेच मोल आहे. म्हणूनच चार-पाच वर्षांचा उतरता काळ पचवूनही परतण्यास अवधी उरतो.

दुसरा कालखंड

१९९७ मध्ये सॅमसंग जागतिक स्पर्धा जिंकून इंकस्टर यांनी विजेतेपदांचा दुष्काळ संपवला. १९९८ मध्ये तीच स्पर्धा त्यांनी पुन्हा जिंकली. १९९९ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च ठरले. जून महिन्यात मिसिसिपीतील ओल्ड वेव्हर्ली मैदानावर त्यांनी निर्धारित संख्येपेक्षा १६ फटके कमी घेत अमेरिकन ओपन जिंकली आणि त्याच महिन्यात एलपीजीए अजिंक्यपदही मिळवले. त्यामुळे त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकण्याचे वर्तुळ पूर्ण झाले. त्या हंगामात एकूण ५ विजेतेपदे त्यांच्या वाट्याला आली. २००० मध्ये एलपीजीए अजिंक्यपद त्यांनी राखले आणि त्याच वर्षी जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

२००२ ची अमेरिकन ओपन प्रेअरी ड्यून्स येथे, म्हणजे २२ वर्षांपूर्वी नवविवाहित असताना पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या मैदानावरच झाली. अंतिम फेरीत ६६ फटक्यांचा खेळ करून त्यांनी तत्कालीन अग्रगण्य खेळाडू ॲनिका सोरेनस्टॅम यांना दोन फटक्यांनी मागे टाकले. तेव्हा त्यांचे वय ४२ वर्षे होते. २००६ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांनी ३१ वे एलपीजीए विजेतेपद पटकावले. या ३१ पैकी १६ विजेतेपदे धाकट्या मुलीच्या जन्मानंतरची आहेत. २०१४ च्या अमेरिकन ओपनमध्ये ५३ व्या वर्षी तिसऱ्या फेरीत त्यांनी पुन्हा ६६ फटक्यांचा खेळ केला.

वेगळे मार्ग, तोच प्रश्न

इंकस्टर यांचे उदाहरण सर्वांना लागू करणे अन्यायाचे ठरेल. सोरेनस्टॅम यांनी एलपीजीएची ७२ विजेतेपदे मिळवल्यानंतर २००८ च्या अखेरीस स्पर्धात्मक खेळातून माघार घेतली. कुटुंब आणि इतर व्यवसाय ही त्यामागील कारणे होती. मेक्सिकोच्या लोरेना ओचोआ यांनी २०१० मध्ये, जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी असताना, अवघ्या २८ व्या वर्षी कुटुंबासाठी निवृत्ती स्वीकारली. हे निर्णय त्यांचे स्वतःचे होते, आणि त्यांना अपयश मानण्याचे कारण नाही. निवड खरोखर मुक्त असावी, एवढीच अपेक्षा आहे.

ही मुक्तता प्रायोजकांच्या करारांवरही अवलंबून असते. अशा करारांत वर्षभरात ठरावीक संख्येने स्पर्धा खेळण्याची अट सामान्यतः असते. ती पूर्ण न झाल्यास मानधन कापले जाते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या स्टेसी लुईस गरोदर असताना त्यांच्या प्रायोजक केपीएमजी कंपनीने ही अट बाजूला ठेवून पूर्ण वर्षाचे मानधन देण्याचे ठरवले. या निर्णयाची बरीच चर्चा झाली, यावरूनच तो किती अपवादात्मक होता हे दिसून येते. लुईस यांनी २०२० मध्ये, आई झाल्यानंतर, स्कॉटिश ओपन जिंकली.

युरोप व अमेरिका यांच्यातील सॉल्हाइम चषकाचा २०१९ चा सामनाही येथे नोंदवला पाहिजे. ग्लेनईगल्स येथील या लढतीत अमेरिकेच्या कर्णधार इंकस्टर होत्या, तर युरोपच्या कॅट्रिओना मॅथ्यू. मॅथ्यू यांनी २००९ मध्ये दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर अवघ्या ११ आठवड्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली होती. त्यांनी मातृत्वामुळे दीर्घकाळ खेळापासून दूर राहिलेल्या सुझान पेटरसन यांना संघात घेतले, आणि पेटरसन यांच्याच शेवटच्या फटक्याने युरोपने १४.५ विरुद्ध १३.५ असा विजय मिळवला. इंकस्टर यांच्या वाट्याला पराभव आला. परंतु दोन्ही बाजूंच्या कर्णधार आणि निर्णायक फटका मारणारी खेळाडू या तिघीही माता होत्या.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, इंकस्टर यांची गुणवत्ता निर्विवाद असली तरी तिला दुसरी संधी मिळाली ती पतीच्या सहभागामुळे, खेळाच्या दीर्घ वयोमर्यादेमुळे आणि काही अंशी संघटनेने उभारलेल्या सोयीमुळे. यांपैकी पहिला घटक नशिबावर आणि दुसरा खेळाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. जाणीवपूर्वक घडवता येतो तो केवळ तिसरा. १९९३ ते १९९६ या काळात त्यांच्या नावापुढे एकही विजेतेपद नव्हते. तेवढ्या कालावधीवरून निकाल दिला गेला असता, तर पुढची १६ विजेतेपदे घडलीच नसती. स्त्रीच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना अशी चार-पाच वर्षे अपयश म्हणून मोजायची की संगोपनाचा काळ म्हणून, हा प्रश्न गोल्फच्या मैदानापुरता मर्यादित नाही. नियुक्ती, पदोन्नती आणि संशोधनाची मुदत ठरवणाऱ्या प्रत्येक संस्थेला त्याचे उत्तर द्यावे लागते. ‘तिने दोन्ही कसे सांभाळले?’ असे विचारण्याऐवजी ‘तिला सांभाळता यावे म्हणून कोणी काय केले?’ असे विचारणे अधिक न्याय्य ठरेल.